बोर्बन, मुक्काम भोपाळ

फेब्रुवारी १८१८. साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला होता, अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले होते आणि दुसरा बाजीराव वाट फुटेल तिकडे पळत होता. त्याच महिन्याच्या २६ तारखेला भोपाळजवळच्या रायसेनला वेगळाच कागद तयार होत होता. नवाब नझर मुहम्मद खान आणि ईस्ट इंडिया कंपनी यांचा तह. नवाबाने ६०० स्वार आणि ४०० पायदळ कंपनीच्या दिमतीला द्यायचं, कंपनीने भोपाळला संरक्षण द्यायचं, शिवाय आष्टा, इछावर, सीहोर, दोराहा आणि देवीपुरा हे पाच महाल भोपाळच्या पदरात पडायचे, असा एकूण व्यवहार. भोपाळच्या बाजूने बोलणी करणाऱ्यांत एक नाव आहे शहजाद मसीह. या माणसाचं बाप्तिस्म्याचं नाव होतं बाल्थझार बोर्बन.

बोर्बन म्हणजे तेच, फ्रान्सच्या राजघराण्याचं आडनाव. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ते ‘बूर्बाँ’ असं भेटतं. सोळावा लुई याच घराण्यातला. १७९३ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. अमेरिकेत केंटकीला बोर्बन नावाची काउंटी आहे, हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाचं जुनं नाव बोर्बन, आणि आपल्या चहाबरोबर जे दोन थरांचं चॉकलेटी बिस्किट असतं तेही १९१० साली लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने काढलेलं, नाव याच घराण्यावरून घेतलेलं. एवढं फिरलेलं हे आडनाव माळव्याच्या तोंडावर, पठाण नवाबांच्या राज्यात, कारभाऱ्याच्या हुद्द्यावर कसं पोचलं?

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे बजावून ठेवलंय. आडनावाच्या बाबतीत कुणीच ते ऐकत नाही, आणि बोर्बनांच्या बाबतीत तर गेली दोनशे वर्षं येणारा जाणारा प्रत्येक जण खोदतो आहे.

मूळ तसं साधं आहे. मध्य फ्रान्समध्ये बोर्बन-लार्शांबो नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. तिथल्या जहागीरदारांना गावाचं नाव लागलं. १२७२ मध्ये नववा लुई राजा याच्या धाकट्या मुलाने, रोबेरने, त्या घराण्याच्या वारस मुलीशी लग्न केलं आणि राजरक्त आडनावाला येऊन मिळालं. पुढे १५८९ साली याच शाखेतला चौथा हेन्री राजा झाला. मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. नीरेकाठच्या होळ गावचे ते होळकर, निंबळकचे ते निंबाळकर. निंबाळकर मुळात पवार, पण गाव इतकं चिकटलं की मूळ नाव मागे पडलं. गोविंदपंत खेर कोकणातल्या नेवऱ्याचे. बुंदेलखंडाचा कारभार हाती आला आणि इतिहासात त्यांची ओळख उरली ती गोविंदपंत बुंदेले म्हणून. शिंद्यांचं ग्वाल्हेरला सिंधिया झालं, पवारांचं धार-देवासला पुआर. भोपाळच्या चारी बाजूंना अशी प्रवास केलेली आडनावं आहेत. फरक एवढाच की यांतल्या प्रत्येकाचा कागद कुठे ना कुठे सापडतो. बोर्बनांच्या पहिल्या दोनशे वर्षांचा सापडत नाही.

घराण्यात चालत आलेली कथा मात्र फक्कड आहे. जाँ फिलिप नावाचा एक बोर्बन राजपुत्र १५६० च्या आसपास हिंदुस्थानात आला. एका पाठानुसार द्वंद्वयुद्धात नात्यातल्याच माणसाला ठार मारून तो पळाला आणि मद्रासला उतरला. दुसऱ्या पाठात तुर्की चाच्यांनी त्याला समुद्रात पकडलं, इजिप्तमध्ये नेलं, तिथून हबशांच्या देशात आणि अखेर जहाजाने भडोचला. दोन्ही पाठ शेवटी आग्र्याला अकबराच्या दरबारात येऊन मिळतात. बादशहा खूश झाला, त्याला पदरी ठेवलं, आणि जुलियाना नावाच्या ख्रिस्ती स्त्रीशी त्याचं लग्न लावून दिलं. ही जुलियाना म्हणे बादशहाच्या एका ख्रिस्ती बेगमेची बहीण. कलकत्त्याचे आर्मेनियन इतिहासकार मेस्रोव सेठ यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात तिला आर्मेनियन ठरवलं आणि जनानखान्यातली वैद्य केलं. पुढे घराण्याला नरवरजवळच्या शेरगडची जहागीर मिळाली आणि मोगलांची चाकरी पिढ्यान् पिढ्या चालली.

आता जरा खरवडून पाहू. मद्रास शहराची उभारणी इंग्रजांनी सुरू केली ती १६३९ मध्ये. १५६० ला त्या बाजूला पोर्तुगीजांचं सांथोम होतं. अलीकडच्या काही बातम्यांत जाँ फिलिपला चौथ्या हेन्रीचा पुतण्या म्हटलं गेलं. हेन्री जन्मला डिसेंबर १५५३ मध्ये. म्हणजे पुतण्या आग्र्याला पोचला तेव्हा काका सहा-सात वर्षांचा! घराण्याची नाळ काही जण शार्ल द बोर्बन या सरदाराशी जोडतात. फ्रान्सच्या राजाला सोडून तो शत्रूला मिळाला आणि ६ मे १५२७ रोजी रोमवरच्या हल्ल्यात गोळी लागून मेला; त्याची औरस मुलं लहानपणीच गेली होती. इकडे ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फझलने मनसबदारांची भली मोठी यादी दिली आहे, तीत हा फिरंगी राजपुत्र नाही. १५८० साली गोव्याहून जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला गेले. त्यांतल्या मोन्सेरातने बारीकसारीक लिहून ठेवलं. दरबारात कॅथलिक राजपुत्र आणि जनानखान्यात ख्रिस्ती बेगम असती, तर बादशहाला ख्रिस्ती करायला निघालेल्या या मंडळींनी त्यांचा डंका युरोपभर पिटला असता. ते गप्प आहेत.

जुलियाना मात्र हवेतून आलेली नसावी. दिल्लीत ओखल्याजवळ सराय जुलेना नावाची वस्ती आहे. ती ज्यांच्या नावाने आहे त्या दोना जुलियाना दियश द कोश्ता या पोर्तुगीज वंशाच्या बाईंचं वजन पहिल्या बहादूरशहाच्या दरबारात, म्हणजे १७०७ ते १७१२ या काळात, फार मोठं होतं. त्या खऱ्या, त्यांची सराय खरी. दीडशे वर्षांनी मागे सरकवून त्यांनाच अकबराच्या काळात नेऊन बसवलं असावं, असा संशय घ्यायला जागा आहे. कुळकथांत असं होतंच; दोन-तीन पिढ्यांची माणसं एकात विरघळतात आणि जवळचा राजा सोडून सर्वांत नामांकित राजा निवडला जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अठराव्या शतकातला हिंदुस्थान ही युरोपियनांनी आडनाव बदलायची जागा होती. महादजी शिंद्यांची कवायती पलटणं ज्याने उभी केली तो द बॉईन. सॅव्हॉयमधल्या शांबेरीत जन्मला तेव्हा त्याचं नाव होतं बन्वा लबोर्न्य. ‘द’ लावून आणि स्पेलिंग फिरवून त्याने खानदानी साज चढवला आणि मायदेशी परतल्यावर खरोखरच काउंट झाला. त्याच्या जागी आलेला पेराँ मूळचा पिएर क्युइये. सरधन्याच्या बेगम समरूंचा नवरा वाल्टर राइनहार्ट, पण त्याला लोक ओळखत ते सोम्ब्र किंवा समरू याच नावाने. यात एकटे फ्रेंच-जर्मन नव्हते. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या एका कॅथलिक कुटुंबाचं आडनाव फ्रान्सच्या फौजेत जाऊन लाली झालं. त्यातला तोमा आर्थर, काउंट लाली, १७५८ मध्ये फ्रेंचांचा सेनापती होऊन पाँडिचेरीला उतरला. वांदिवाशला त्याला हरवणारा आयर कूट हाही आयर्लंडचाच, लिमरिककडचा. लालीला मायदेशी १७६६ मध्ये देहदंड झाला. कन्याक ब्रँडीच्या बाटलीवरचा हेनेसी कॉर्कचा आणि चिलीच्या स्वातंत्र्याचा नायक ओ’हिगिन्स हाही आयरिश वंशाचा. आयरिश लोकांना आपल्या आडनावांचा असा माग काढायचा मोठा नाद आहे, आणि त्यांचं बरं असतं. ‘ओ’ आणि ‘मॅक’ बहुधा कुठेही गेले तरी ओळखू येतात. भोपाळच्या बोर्बनांच्या बाबतीत उलटं आहे. नाव लख्ख ओळखू येतं, इतकं की त्यावर विश्वास ठेवायलाच जड जातं. फ्रान्समध्ये गावावरून बोर्बन म्हणवणारी साधी माणसंही असणारच. एखादा तोफची किंवा शिपाई त्यांतला असू शकतो. राजपुत्रच असला पाहिजे अशी आडनावाची काही अट नाही.

कथेतून इतिहासात पाऊल पडतं ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली. त्यानंतर हे कुटुंब राजधानी सोडून शेरगडला येऊन राहिलं, असं घराण्यात सांगतात. १७७८ च्या सुमाराला नरवरच्या राजाशी बिनसलं आणि घरातले बहुतेक लोक मारले गेले. वाचलेले ग्वाल्हेरला आले. तो काळ ग्वाल्हेरलाही निवांत नव्हता. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉपमने शिंद्यांच्या हातून ग्वाल्हेरचा किल्ला रात्रीत शिड्या लावून घेतला. त्या धामधुमीतून साल्वादोर बोर्बन नावाचा माणूस भोपाळच्या चाकरीत आला.

भोपाळचं राज्य तेव्हा जेमतेम साठ-सत्तर वर्षांचं. ओरकझई पठाण दोस्त मुहम्मद खानाने जगदीशपूर बळकावून त्याचं इस्लामनगर केलं (२०२३ मध्ये सरकारने ते पुन्हा जगदीशपूर केलं, म्हणजे नावं गावांचीही फिरतात) आणि भोपाळला किल्ला बांधला. मराठ्यांशी या गावाची ओळख जुनी. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला याच भोपाळात कोंडलं आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईचा तह लिहून घेतला. साल्वादोर आला तेव्हा गादीवर नवाब हयात मुहम्मद होता, पण खरी सत्ता होती मामोला बाईंच्या हाती. जन्माने रजपूत, दोस्त मुहम्मदाच्या मुलाची विधवा, आणि दीर्घकाळ भोपाळ चालवणारी बाई. चहूकडून मराठे, पेंढारी आणि घरचे भाऊबंद दात लावून बसलेले असताना, ज्याला कुणी नातेवाईक नाहीत, ज्याचा दरबारातल्या कुठल्याच गटाशी संबंध नाही असा परका शिपाई तिला सोयीचा होता. बोर्बनांचं भोपाळमध्ये बस्तान बसलं याचं कारण माझ्या मते हेच. राजरक्ताचा त्यात काही वाटा नव्हता.

साल्वादोरचा मुलगा बाल्थझार. भोपाळकरांचा शहजाद मसीह. याची कसोटी लागली ती १८१२-१३ मध्ये, आणि समोर होते आपलेच लोक. दौलतराव शिंद्यांच्या वतीने जगू बापू आणि नागपूरकर भोसल्यांच्या वतीने सादिक अली यांच्या फौजांनी मिळून भोपाळला वेढा घातला. आत वझीर मुहम्मद खान. महिनोन् महिने वेढा चालला, धान्य संपलं, भोपाळ पडलं नाही. शेवटी नागपूरची फौज निघून गेली. १८१४ मध्ये शिंद्यांनी पुन्हा जोर लावला तेव्हा पाठवलेल्या सरदारांपैकी एक होता जाँ बातिस्त फिलोज, नेपल्सकडच्या घराण्यातला. गंमत बघा. तटाबाहेर मराठ्यांचा चाकर फिलोज, तटाआत नवाबाचा चाकर बोर्बन. मध्येच फिलोज आणि शिंद्यांचा दुसरा सरदार जसवंतराव भाऊ यांचंच एकमेकांत फाटलं, सीहोरपाशी दोघांच्या फौजा आपापसात लढल्या आणि भोपाळवरचं संकट टळलं. पुढे याच फिलोज घराण्यातल्या मायकेल फिलोजने ग्वाल्हेरचा जयविलास महाल बांधला, १८७४ मध्ये. दोन परदेशी आडनावं, मध्य प्रदेशात रुजलेली. एक शिंद्यांच्या अंगणात, दुसरं त्यांच्या शत्रूच्या.

तहानंतर पावणेदोन वर्षांतच, नोव्हेंबर १८१९ मध्ये, नवाब नझर मुहम्मद इस्लामनगरला गेला. लहानग्या मेव्हण्याच्या हातून पिस्तूल उडालं आणि तरुण नवाब जागच्या जागी ठार झाला. मागे राहिली त्याची कोवळ्या वयाची विधवा, कुदसिया बेगम, आणि मांडीवरची मुलगी सिकंदर. बेगमेने ठरवलं की मुलगी मोठी होईपर्यंत कारभार आपणच पाहायचा. नातलग पुरुषांच्या डोळ्यांत ते सलणारच होतं. तेव्हा तिच्या पाठीशी जे उभे राहिले त्यांत शहजाद मसीह आणि राजा खुशवक्त राय ही दोन नावं ठळक आहेत. भोपाळच्या राजघराण्यातले शहरयार खान यांनी ‘द बेगम्स ऑफ भोपाल’ या पुस्तकात हा काळ सविस्तर मांडला आहे. मुसलमान राणी, ख्रिस्ती आणि हिंदू कारभारी. भोपाळवर पुढे शंभरहून अधिक वर्षं बेगमांनी राज्य केलं, त्या परंपरेच्या पायात बोर्बन आडनावाचा एक दगड आहे. सर जॉन माल्कमने १८२३ च्या मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथात या माणसाची दखल घेतली. १८२९ च्या सुमारास तो वारला.

घरातल्या पुरुषांची नावं पाहिली तर संसाराची दोन दालनं दिसतात. साल्वादोर हा इनायत मसीह. बाल्थझार हा शहजाद मसीह. त्याचा मुलगा सेबास्तियन, तो मेहरबान मसीह. पाद्र्यासमोर पोर्तुगीज-लॅटिन वळणाचं नाव, दरबारात फारसी. कपडे, जेवणखाण, परदा, बोलणं सगळं भोपाळी, आणि रविवारी प्रार्थना. राम बाबू सक्सेना यांनी १९४१ मध्ये उर्दू-फारसीत लिहिणाऱ्या युरोपियन वंशाच्या कवींवर ग्रंथ काढला, त्यात या घराण्याचीही नोंद आहे. भाषा, पेहराव आणि आश्रयदाता बदलत गेले. बदललं नाही ते देवघर आणि आडनाव. आणि ही दोन एकमेकांना धरून टिकली. कॅथलिक राहिल्यामुळे लग्नसंबंध मूठभर ख्रिस्ती घरांतच जुळत, आणि त्या मूठभरांत ‘आम्ही कोण’ हे सांगायला बोर्बन हे नाव लागे. धर्म बदलून हे लोक पठाणांत मिसळले असते, तर दोन पिढ्यांत आडनावाचा मागमूस राहिला नसता. हिंदुस्थानात आलेल्या कितीतरी फिरंगी शिपायांच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

या कहाणीतलं माझ्या लेखी सर्वांत भारी पात्र म्हणजे शहजाद मसीहची बायको. इसाबेला, जॉन्स्टन नावाच्या इंग्रज कप्तानाची मुलगी. भोपाळमध्ये तिला दुल्हन साहिबा किंवा दुल्हन सरकार म्हणत. नवरा गेला तेव्हा ती तरुण होती, आणि मेहरबान मसीह अगदी लहान. जहागीर तिने सांभाळली, ख्रिस्ती वस्ती सांभाळली, बेगमांशी सख्य सांभाळलं. म्हातारपणीही तिचं नाव दुल्हनच राहिलं. सासरच्या गावाने एकदा दिलेलं नाव कोण परत घेतो.

१८६७ मध्ये लुई रूसले नावाचा तरुण फ्रेंच प्रवासी भोपाळला आला. हत्ती-उंटांवरून राजेरजवाड्यांची राज्यं पाहत तो हिंडत होता. पुढे १८७५ साली ‘लँद दे राजा’ हे त्याचं भरघोस चित्रांचं पुस्तक पॅरिसमध्ये निघालं. गादीवर तेव्हा सिकंदर बेगम होत्या. अफगाण नवाबांच्या या राजधानीत बोर्बन नावाची ख्रिस्ती सरदारीण राहते हे कळल्यावर फ्रेंच माणसाचं काय झालं असेल! तो तिला भेटायला गेला. देशी पद्धतीच्या वाड्यात, देशी पेहरावातल्या बाई, भोवती नोकरचाकर, पाद्री, आणि बोलणं हिंदुस्थानीत. तिने त्याला घराण्याची कथा सांगितली. भडोचच्या बंदरातून येणारी, चाच्यांची आणि हबशांची. रूसले हरखला आणि ती त्याने जशीच्या तशी फ्रेंच वाचकांपुढे ठेवली. त्या क्षणी फ्रान्समध्ये बोर्बनांचं राज्य नव्हतं, १८३० लाच त्यांचा दहावा शार्ल गादी सोडून पळाला होता. मायदेशातून हाकलले गेलेले बोर्बन भोपाळात हत्तीवरून हिंडताहेत, ही कल्पना कुठल्याही लेखकाला सोडवली नसती.

मग १८८७ मध्ये विल्यम किंकेड या माजी पोलिटिकल एजंटने लंडनच्या ‘एशियाटिक क्वार्टर्ली रिव्ह्यू’त ‘द इंडियन बोर्बन्स’ हा लेख लिहिला. त्याने घराण्याकडची माहिती गोळा केली, पिढ्या लावल्या, सनावळी जुळवली. इथेच ऐकीव गोष्ट छापील झाली. पुढच्या प्रत्येकाने किंकेडचा हवाला दिला, आणि किंकेडचा हवाला घराण्याचा. वंशावळ्यांच्या जगात हे चक्र ओळखीचं आहे. आपल्याकडेही भाटाने सांगितलेलं बखरीत येतं, बखरीतलं गॅझेटियरात, आणि गॅझेटियर वाचून घरातला नातू ते भाटाच्या आत्मविश्वासाने सांगतो.

लेख छापून आला तोवर घराण्याचा सूर्य कलला होता. शाहजहान बेगम १८६८ मध्ये गादीवर आल्या, १८७१ मध्ये त्यांनी सिद्दीक हसन खान यांच्याशी लग्न केलं. या काळात दरबारातलं वारं फिरलं आणि जहागिरी गेल्या, असं घराण्यात सांगतात. शिल्लक राहिल्या त्या खुणा. जहांगीराबादेतल्या सेंट फ्रान्सिस कॅथेड्रलच्या उभारणीशी दुल्हन साहिबांचं नाव जोडलं जातं. जुन्या शहराच्या चौकात शिरताना शौकत महाल लागतो. इस्लामी आणि युरोपीय नक्षी एकमेकींत घुसलेली, कमानींवर फुलांच्या ओळी आणि मध्येच पाश्चात्त्य धाटणीची त्रिकोणी शिखरं. पर्यटन खात्याची पत्रकं त्याचं श्रेय बोर्बनांच्या कुळातल्या एका फ्रेंच माणसाला देतात. बेगमांच्या शहरात फ्रेंच स्थापत्य दिसलं की बोर्बनांकडे बोट दाखवायचं, ही भोपाळची जुनी सवय.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि नागपूर, इंदूर, ग्वाल्हेरहून सरकारी नोकरांचे तांडे इथे आले. त्यात मराठी कुटुंबंही खूप. जोशी, देशपांडे, पाटील यांच्या पाट्या सरकारी क्वार्टरांवर लागल्या. बोर्बन तोवर जहागीरदार राहिले नव्हते, शहरातल्या इतर मध्यमवर्गीयांसारखे शिकून नोकरी-व्यवसायाला लागले होते. त्यांच्यातला एक वकील झाला, आणि २००७ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यालाच गाठलं.

कारण ठरला ग्रीसचा राजपुत्र मायकेल. लेखक आणि स्वतः युरोपातल्या राजघराण्यांच्या गोतावळ्यातला. त्याने ‘ल राजा बूर्बाँ’ ही कादंबरी लिहिली आणि सुचवलं की भोपाळची शाखा खरी असेल तर ती बोर्बनांची सर्वांत थोरली पाती असू शकते. फ्रान्सचा हक्काचा राजा भोपाळमध्ये वकिली करतो, असा मथळा मग कोण सोडणार! गादीसाठी फ्रान्समध्ये आधीच दोन तट आहेत, ऑर्लेआँ घराण्याचा आणि स्पॅनिश बोर्बनांचा. त्यात हा तिसरा. शेवटचा राजा १८४८ मध्ये पायउतार झाल्यापासून तिथे राजाला बसायला गादीच नाही, ही बाब बातम्यांत जरा खालच्या परिच्छेदात असे.

रक्ताची परीक्षा आता अशक्य राहिलेली नाही. २०१३ मध्ये ‘युरोपियन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. हयात असलेल्या तीन बोर्बन पुरुषांचे नमुने घेऊन शास्त्रज्ञांनी या राजघराण्याच्या वाय गुणसूत्राची ओळख पटवली. बापाकडून मुलाकडे जाणारं हे गुणसूत्र पिढ्यांमागून पिढ्या जवळपास तसंच राहतं. भोपाळचा नमुना त्याशी जुळला तर जाँ फिलिपची गोष्ट नव्याने लिहावी लागेल. नाही जुळला तरी मधल्या पंधरा पिढ्यांत एखादं दत्तकविधान किंवा घरजावई निघाला की आडनाव चालू राहतं आणि गुणसूत्र बदलतं, त्यामुळे तेवढ्यावरून कुणाला तोतया म्हणता येणार नाही. आणि ही परीक्षा फक्त बापांची. जहागीर, चर्च आणि पोर सांभाळत हे नाव भोपाळमध्ये ज्यांनी पुढच्या पिढीच्या हाती दिलं, त्या जॉन्स्टन कप्तानाच्या मुलीबद्दल या परीक्षेच्या निकालपत्रात एक ओळही असणार नाही.